मे अखेरीस तारकर्ली आणि अरबी समुद्रात कमी दाब: जायचं की तारखा बदलायच्या?

रंकाळावेस · १७ मे, सकाळी ९.४०

नमस्कार मंडळी. २३ ते २५ मे तारकर्लीला जायचं ठरलंय. कोल्हापुरातून दोन गाड्या, अकरा माणसं, त्यात ७२ वर्षांची आई आणि तीन लहान मुलं. मुंबईहून बहीण कोकण रेल्वेने कुडाळला उतरणार आहे. घरगुती निवासात चार खोल्या घेतल्यात, निम्मे पैसे आगाऊ दिलेत. जाताना राधानगरी–फोंडा, येताना आंबोली असा बेत.

अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार होण्याची शक्यता हवामान खात्यानं सांगितलीय. व्हॉट्सअ‍ॅपवर तर वादळाचं बारसंही झालंय, आणि ते गुजरातला धडकणार असा नकाशा फिरतोय. गुजरातला जाणार असेल तर मालवणला काय होणार, असं घरातले निम्मे लोक म्हणतात.

निर्णय कधीपर्यंत घ्यावा, कशावरून घ्यावा, आणि वाटेत अडकलो तर काय करावं, हे जाणकारांनी सांगावं. पैशांचं काय होईल तेही.

---

हवापाणी · १७ मे, सकाळी ११.०५

पहिली गोष्ट नावाची. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किमी झाल्याशिवाय हवामान खातं वादळाला नाव देत नाही. ताशी ३१ ते ४९ म्हणजे कमी दाबाचा पट्टा, ५० ते ६१ तीव्र पट्टा, ६२ ते ८८ चक्रीवादळ, ८९ ते ११७ तीव्र, ११८ ते १६६ अतितीव्र, आणि त्याच्याही वर दोन पायऱ्या. आज समुद्रात साधा पट्टाही नाही, म्हणजे फिरतंय ते नाव यादीतलं पुढचं नाव बघून कुणीतरी आधीच चिकटवलेलं आहे. दहा दिवस पुढचे रंगीत नकाशे दाखवणारी ॲपंसुद्धा आत्ता बघू नका. केंद्र तयार होण्याआधी दोन मॉडेलं दोन वेगवेगळ्या किनाऱ्यांवर वादळ नेऊन ठेवतात.

आता 'गुजरातला जाणार' याबद्दल. घरच्यांची चूक इथं होतेय आणि ती महागात पडू शकते. २०२१ चं तौक्ते १७ मेच्या रात्री दीवजवळ जमिनीवर आलं. मालवणपासून ती जागा सरळ रेषेत जवळपास पावणेसहाशे किमी. तरीही आदल्या दिवशी, १६ मेला, किनाऱ्याला समांतर वर जाताना त्यानं सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत झाडं, खांब, छपरं पाडली. वादळ कुठे धडकणार यापेक्षा ते तुमच्यासमोरून किती अंतरावरून जाणार, हे बघायचं. २०१९ चं क्यार तर आपल्या किनाऱ्याला लागलंच नाही, ओमानच्या दिशेनं गेलं. पण ऐन दिवाळीत देवगड–मालवणच्या किनाऱ्यावर उधाणाचं पाणी वस्तीत आलं.

वाऱ्याचा क्रम समजून घेतलात तर बातम्यांपेक्षा जास्त कळेल. आपल्या गोलार्धात वादळ घड्याळाच्या उलट फिरतं. केंद्र केरळ–कर्नाटकासमोर असतं तेव्हा मालवणात वारा पूर्वेकडून, जमिनीवरून येतो. किनाऱ्याजवळचं पाणी त्यानं सपाट दिसतं आणि पर्यटक पोहायला उतरतात. पण लांबून निघालेल्या लाटा तोपर्यंत पोचलेल्या असतात. दोन लाटांत अंतर मोठं, आवाज खोल, आणि परत जाणाऱ्या पाण्याची ओढ जबरदस्त. कमरेएवढ्या पाण्यातला माणूसही आत खेचला जातो. पुढे केंद्र समोर आलं की वारा दक्षिणेचा, आणि ते उत्तरेला सरकलं की नैर्ऋत्येचा होतो. हा शेवटचा वारा समुद्र सरळ किनाऱ्यावर ढकलतो. 'वादळ मालवण ओलांडून पुढे गेलं' अशी बातमी येते तेव्हा पाण्याचा धोका सरलेला नसतो.

त्यात भरतीची वेळ जुळली तर पाणी आणखी चढतं. कोकणातला जुना हिशोब असा: तिथीला पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ अदमासे मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. सकाळी आणि रात्री दोन्ही वेळा. कृष्णपक्षातही प्रतिपदेपासून तसंच मोजायचं. अमावस्या–पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटी कमी.

निर्णयासाठी हे बघा. खात्याच्या चक्रीवादळ विभागाचं पत्रक रोज येतं, आणि चक्रीवादळ झालं की दर तीन तासांनी. धोक्याआधी ७२ तासांवर पूर्वसूचना, ४८ तासांवर पिवळा इशारा, २४ तासांवर नारिंगी, आणि १२ तासांवर जमिनीवरच्या वाटचालीसह लाल. तुमच्यासाठी पहिली खूण पुरेशी आहे. २० तारखेच्या संध्याकाळपर्यंत पूर्वमध्य अरबी समुद्रात नुसता पट्टा जरी झाला आणि त्याची दिशा उत्तर किंवा वायव्य सांगितली, तर तारखा बदला. नाव पडायची वाट बघू नका.

सोबत हैदराबादच्या इन्कॉइसचा (समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था) उंच लाटांचा इशारा बघा. आणि मालवण बंदरावर कितव्या नंबरचा धोक्याचा बावटा लागलाय ते विचारा. एक आणि दोन नंबर लांबच्या वादळासाठी असतात. तीन नंबर म्हणजे खुद्द बंदरावर वादळी वाऱ्याची शक्यता. तीन लागला की होड्या बंद, आणि मग तारकर्लीत बघण्यासारखं तुमच्या हाती फार उरत नाही.

---

घाटवाट · १७ मे, दुपारी १.३०

समुद्राचं वर आलंय, मी रस्त्याचं सांगतो. कोल्हापूरकरांची सहल समुद्राआधी घाटातच अडते. कोल्हापूर–वैभववाडी रेल्वे अजून व्हायची आहे, त्यामुळे खाली उतरायला रस्ता हाच मार्ग.

फोंडा: राधानगरी सोडल्यावर दाजीपूरच्या जंगलातून लांब पट्टा आहे. दोन्ही बाजूंनी उंच झाडी, मधे मोबाईलला रेंज नाही. वाऱ्यात एक झाड पुढे आणि एक मागे पडलं की गाडी मधे अडकते आणि कळवताही येत नाही. वादळी दिवसात हा रस्ता मी शेवटचा पर्याय ठेवेन. लोक मात्र सावली आणि गारव्यासाठी हाच धरतात.

गगनबावडा: कोल्हापूरपासून ५५ किमी. तिथून करूळ घाटाने वैभववाडी–तळेरे, किंवा भुईबावडा घाटाने खारेपाटण. दोन फाटे असल्यामुळे एक बंद पडला तर दुसरा राहतो, हा मोठा फायदा. तोटा असा की दोन्हींची सुरुवात एकाच ठिकाणी, त्यामुळे पाऊस आणि धुकंही एकदमच. भुईबावडा अरुंद आहे, रात्री नको.

आंबोली: आजरा मार्गे. रस्ता सरावाचा, वाहतूक जास्त, म्हणून मदतही लवकर पोचते. पण सह्याद्रीत सगळ्यात जास्त पाऊस झेलणाऱ्या जागांपैकी ही एक. समुद्रावरचा दमट वारा कडा चढताना इथं रिकामा होतो.

आंबा घाट रत्नागिरी–गणपतीपुळ्याला जाणाऱ्यांसाठी. तुम्हाला तो लांबचा वळसा होईल.

मे महिन्यात जमीन कोरडी असते, त्यामुळे जुलैसारखी मोठी दरड सहसा लगेच येत नाही. आधी पडतात ती झाडं, फांद्या आणि उन्हानं सुटलेले दगड. ऑक्टोबरच्या वादळात उलटं होतं. पावसाळाभर भिजलेला डोंगर थोड्या पावसातही सुटतो. म्हणून दिवाळीच्या सहलीला दरडीची काळजी जास्त, आणि मेमध्ये झाडांची.

अंदाजातले शब्द आकड्यांत वाचा. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अतिमुसळधार, त्यावर अत्यंत मुसळधार. 'घाटमाथा' असा वेगळा उल्लेख असतो, कोल्हापूर जिल्ह्याचा अंदाज वाचताना तोच शोधा. शहरात नुसता भुरभुर पाऊस असतो तेव्हा गगनबावड्यात रस्त्यावरून पाणी वाहत असतं.

परतायची वेळ आलीच तर:

उजेडातच निघा. सकाळी सहाला मालवण सोडलं तर दहाच्या आत घाट चढून झालेला असतो. दुपारी 'जेवून निघू' म्हटलं की अंधार घाटातच पडतो.

घाट बंद असल्याचं कळलं तर पायथ्याला रांगेत थांबू नका. महामार्गावर कणकवली, कुडाळ किंवा सावंतवाडीत खोली घ्या. जिल्हा रुग्णालय ओरोसला आहे, आईंच्या दृष्टीनंही हा पट्टा सोयीचा.

खाडीपुलांवर आडवा वारा लागतो. टपावर सामान बांधलं असेल तर गाडी ढकलली जाते. टप मोकळा ठेवा, पुलावर वेग कमी, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

रस्त्यावरून वाहतं पाणी असेल आणि खालचं डांबर दिसत नसेल तर गाडी घालू नका. पुढची एसटी गेली म्हणून आपली जाते असं नसतं, एसटीचं इंजिन आणि वजन दोन्ही वेगळं. पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. हवेच्या वाटेनं पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काही हजारांचं काम लाखावर जातं.

गाडीत ठेवायचं: पूर्ण टाकी (वीज गेली की पंपही बंद पडतो), १२ मिमीचा १५ मीटर दोर, कोयता, दोन टॉर्च, माणशी चार लिटर पाणी, आणि रोख पैसे. मोबाईल टॉवर बॅटरीवर काही तासच चालतात. ते थांबले की यूपीआय, नकाशा, सगळं थांबतं. शंभर–दोनशेच्या नोटा मिळून पाच हजार तरी असू द्या.

आणखी एक. आपत्ती कक्षाचा नंबर १०७७ आहे, पण तो जिथून लावाल त्या जिल्ह्यात लागतो. कोल्हापुरातून सिंधुदुर्गची चौकशी करायची तर १०७७ च्या आधी तिथला कोड ०२३६२ लावा.

---

रंकाळावेस · १७ मे, रात्री ८.१५

मनापासून आभार. दीवचं अंतर वाचून दाखवल्यावर घरातली चर्चा एकदम बदलली. दोन शंका राहिल्या. निवासवाल्या काकू फोनवर म्हणतात 'या हो, इथं काही होत नाही'. त्यांचं ऐकावं का? आणि रेल्वेचं तिकीट?

---

माडबन_कौलारू · १७ मे, रात्री १०.५०

काकूंचं म्हणणं मनापासूनचं असणार. मेचे शेवटचे दहा दिवस म्हणजे त्यांच्या हंगामाचा शेवट. दरवर्षी २६ मे ते ३१ ऑगस्ट जलक्रीडा आणि सिंधुदुर्ग किल्ल्याची प्रवासी होडी बंद असते. म्हणजे तुमची सहल ही त्यांची पावसाळ्याआधीची जवळपास शेवटची कमाई. त्या 'नका येऊ' म्हणणार नाहीत. ते तुम्हीच म्हणायला हवं, आणि लवकर म्हणायला हवं. कारण सांगतो.

वादळाच्या आदल्या दिवशी किनाऱ्यावरच्या घरात काय चाललेलं असतं ते पाहुण्याला दिसत नाही. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी ६० किमीला चौरस मीटरमागे सुमारे १७ किलो, १२० ला ६८. मंगलोरी कौलांचं छप्पर चौरस मीटरला साधारण ४० ते ५० किलोचं. म्हणजे ६० च्या वाऱ्यात कौल स्वतःच्या वजनावर बसून राहतं, १२० मध्ये उचललं जातं. सुरुवात नेहमी वळचणीला आणि कोन्यांवर (आढ्यावरच्या कौलांवर) होते, कारण कडेला खेच मधल्यापेक्षा जास्त असते. एक कौल सुटलं की वारा आत शिरतो, खालून दाब आणि वरून खेच, मग ओळच्या ओळ जाते. पत्र्याचं त्याहून वाईट. पत्रा चौरस मीटरला चार–पाच किलोचा, तो टिकतो तो फक्त हुकांवर.

म्हणून त्या दिवशी माणसं शिडीवर असतात. वळचणीच्या दोन ओळी तारेनं रिपांना बांधायच्या, कोन्यांचा चुना बघायचा. पत्र्याचे जे-हुक घट्ट करायचे, कडेच्या वाश्यावर दर दुसऱ्या पन्हळीला हुक आणि त्याखाली लिंपेट (टोपीसारखा) वॉशर हवाच, नाहीतर पत्रा हुकाभोवती फाटून निघतो. घरावर वाकलेल्या माडाच्या सुक्या झावळ्या आणि नारळ उतरवायचे. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) आणि होडी वर ओढायची. पंप चालू आहे तोवर टाक्या भरायच्या. आंब्याची शेवटची तोड असेल तर तीही त्याच दिवशी, कारण पडलेल्या हापूसला कॅनिंगशिवाय गिऱ्हाईक नसतं. अशा घरात अकरा पाहुण्यांचा स्वयंपाक आणि जबाबदारी म्हणजे घरच्यांचे चार हात कमी.

तारकर्लीची भौगोलिक अडचणही आहे. तिथून पुढे देवबागपर्यंत एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी. मधे चिंचोळी जमीन आणि बाहेर निघायला मुळात एकच रस्ता. एक माड आडवा झाला की गाडी अडकली. लोकांना हलवायचे आदेश निघाले की स्थानिक नातेवाइकांकडे जातात, पाहुणे शाळेत. जिल्हाधिकाऱ्यांचा किनारबंदीचा आदेश निघाल्यावर वाळूवर उतरणं हा गुन्हाही ठरतो.

वादळानंतरचं बघा. वीज येण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी ३३ केव्हीची वाहिनी आणि उपकेंद्र, मग ११ केव्ही, मग डीपी, शेवटी घरापर्यंतची एलटी लाईन. किनाऱ्यावरच्या लाईनी माडा-पोफळीच्या बागांतून जातात, त्यामुळे तालुक्याला वीज आली तरी वाडीला यायला दिवस जातात. २०२० च्या निसर्गनंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडच्या कित्येक गावांनी आठवडे अंधारात काढले. १५० अँपिअर-अवरच्या एका इन्व्हर्टर बॅटरीत बारा व्होल्टनं १८०० वॉट-अवर. त्यातले हजार–बाराशेच हाती लागतात. एक पंखा आणि दोन दिवे बारा तास. पाण्याचा पंप त्यावर ओढत नाही. म्हणजे वीज नाही तर पाणीही नाही.

विहिरीचं पाणी गढूळ झालेलं असतं. टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचं प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम, पुरानंतर दुप्पट. विहीर गोल असेल तर व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, गुणिले ७८५ म्हणजे लिटर. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे २८ हजार लिटर, त्याला ७० ग्रॅम, वादळानंतर १४०. बादलीत कालवून चुन्याचा साका खाली बसू द्यायचा, वरचं पाणीच विहिरीत सोडायचं, आणि तासभर उपसायचं नाही. पावडर जुनी आणि ओली असेल तर तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो, वासावरून कळतं. खारं पाणी शिरलं असेल तर टीसीएलनं ते गोडं होत नाही. उपसा करावा लागतो, तोही थोडा थोडा. एकदम तळ दाखवला तर बाजूनं आणखी खारं पाणी ओढलं जातं.

---

हिशोबवही · १८ मे, सकाळी ७.२०

पैशांचं थोडक्यात.

रेल्वे: गाडी रेल्वेनंच रद्द केली तर ई-तिकिटाचे पूर्ण पैसे आपोआप खात्यात येतात, काही करू नका. गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा असेल आणि जायचं नसेल तर ती तुमच्या स्टेशनवरून सुटायच्या आत टीडीआर (परताव्याचा ऑनलाइन अर्ज) भरा, पूर्ण परतावा मिळतो. सुटल्यावर भरलात तर हक्क गेला. बहिणीनं भीतीपोटी आधीच रद्द केलं तर नेहमीची कपात होईल. गाडी सुटायची वेळ जवळ येते तशी कपात वाढत जाते, म्हणून किती तास आधी किती कपात ते रेल्वेच्या सध्याच्या नियमात बघून शेवटचा निर्णय घ्या.

प्रवास विमा: वादळाचा इशारा निघाल्यावर काढलेल्या विम्यात त्या वादळाचा दावा सहसा बसत नाही. आत्ता काढत असाल तर अटीतली 'ज्ञात घटना' ही ओळ शोधून वाचा.

निवास: परतावा मागू नका, तारीख बदलून मागा. आगाऊ रक्कम काकूंनी किराणा आणि गॅसमध्ये घातलेली असते. पाच दिवस आधी कळवलंत तर मासळी आणि भाजी तरी त्या भरणार नाहीत. मेसेजमध्ये नवी तारीख आणि जमा रक्कम दोन्ही लिहून घ्या, तोंडी ठेवू नका. नवी तारीख मात्र दिवाळीची घेऊ नका. अरबी समुद्राचा वादळांचा दुसरा मोसम ऑक्टोबर–नोव्हेंबर, आणि २०१७ चं ओखी तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आलं. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत समुद्र शांत, होड्या चालू.

---

घाटवाट · १८ मे, सकाळी ९.००

वरच्याला जोड. वादळ आलंच आणि नंतर इथून काही न्यायचं मनात असेल, तर जुने कपडे आणि बिस्किटांचे खोके नेऊ नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापुरात तेच साचलं होतं. आधी तिथल्या ग्रामपंचायतीला फोन करून विचारा. लागतात ते पत्रे, जे-हुक आणि वॉशर, ताडपत्री, दोर, झाडं कापायचं पेट्रोल कटर आणि ते चालवणारा माणूस. कटरचं तेल मिसळायचं प्रमाण कंपनीगणिक वेगळं असतं. ते टाकीवर बघूनच मिसळा, नाहीतर पहिल्याच माडावर पिस्टन जाम होतो.

तारांजवळचं झाड महावितरणनं लाईन बंद केल्याचं सांगितल्याशिवाय कापू नका. कुणाच्या घरचा जनित्र संच लाईनला उलटा जोडलेला असेल तर 'मेलेल्या' तारेतही वीज येते.

---

माडबन_कौलारू · १८ मे, सकाळी ९.४५

आणि मदतीला गेलेल्यांनी पडलेलं छप्पर किंवा बाग लगेच साफ करू नये. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांचा पंचनामा आधी. तोवर चारही बाजूंनी फोटो काढायचे, फोटोत घर नंबर किंवा ओळखीची खूण यावी. पडलेले माड मोजून बुंध्यावर खडूनं आकडे घालायचे. होडी आणि जाळ्यांचा पंचनामा मत्स्यव्यवसाय खात्याकडे वेगळा होतो. फळपीक विम्याची भरपाई महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते, बागेतल्या पडझडीवर नाही. म्हणून सरकारी पंचनामा सोडून नुसत्या विम्यावर विसंबू नये.

---

रंकाळावेस · १८ मे, रात्री ९.३०

काकूंशी बोललो. २० तारखेच्या संध्याकाळचं पत्रक बघून त्यांना आठच्या आत कळवायचं ठरलंय. बदल झालाच तर ९ ते ११ जानेवारी, आगाऊ रक्कम तशीच जमा, मेसेजवर लिहून आलंय. गेलो तर जाता-येता आंबोली, आणि २५ ला सकाळी सहाला मालवण सोडायचं. बहिणीलाही तिकिटाच्या कपातीचं कळवलं. त्यांच्या पडवीवर पत्रे आहेत असं बोलण्यात आलं. हुक कितीचे लागतात, वाशाचं माप घेऊन कुणी सांगेल का?

---

माडबन_कौलारू · १८ मे, रात्री १०.१०

वासा लाकडी की लोखंडी ते आधी विचारा. लोखंडी चौकोनी पाइप असेल तर ८ मिमीचे जे-हुक. लांबी म्हणजे पाइपची उंची, अधिक पन्हळीची उंची, अधिक वर नट-वॉशरला २५ मिमी. लाकडी वाशाला हुक नको, वॉशरसकट पत्र्याचे स्क्रू, लाकडात निदान ५० मिमी जातील असे. दोन्हीकडे पन्हळीच्या उंचवट्यावरच भोक पाडायचं, खोलगट भागात पाडलं तर गळतं. माप कळवा, नग मोजून सांगतो.